मोगरीचा पान्हा

गंगावेशीत दिवे लागले की
कट्ट्यावर यायची मोगरी म्हैस.
रंग तव्याचा, नाव फुलाचं,
पाठ अंगणासारखी पैस.

केरबा गवळी उकिडवा बसून
पेल्यात सोडायचा धार थेट.
फेसाचा तुरा, ऊब अजून तश्शी,
तालमीतल्या गड्यांची रेटारेट.

रांगेत कारकून, रांगेत कंडक्टर,
रांगेत कोर्टाचा बेलीफ एक.
नव्हती रांगेत कुठलीच बाई,
आणि नव्हती केरबाची लेक.

लेक नऊ वर्षांची, नाव आक्काताई.
(पाळण्यातच पोर थोरली झाली.)
पंचगंगेवर मोगरीला नेऊन
नारळाच्या शेंडीनं घासायची ती.
सरकी भिजवायची ती.
शेण काढायची ती.
गोमाश्या हाकताना म्हशीच्या कानात
काहीबाही सांगायची ती.
धार काढायची वेळ झाली, की मात्र
"आता घरला जा."

एकदा ती रांगेत उभी राहिली,
हातात पेला, परकर खोचून.
हिंदुराव पैलवान हसला इतका
की कट्ट्याची फरशी गेली खचून.

"अगं, धारोष्ण दूध प्यालं तर
पोरींना मिशा येतात!"
"मोगरी प्यालीय की लहानपणी,
मग तिच्या मिशा कुठं जातात?"

कुणी खोकलं. कुणी चप्पल झटकली.
केरबा म्हणाला, "लई शानी हैस. घरला जा."

ती घरला गेली नाही.
समोरच्या चप्पलवाल्याच्या पायरीवर
पाठ फिरवून बसली.

मोगरीनं मान वळवली.
ती पाठ बघितली.
आणि पान्हा चोरला.

केरबानं सड चोळले, चुचकारलं,
पेंड दाखवली, गूळ दाखवला.
थेंब नाही.
बेलीफानं कायदा सांगितला.
थेंब नाही.
कंडक्टरनं डबल बेल दिली.
म्हैस जागची हलली नाही.

"बायमाणसाच्या वासावर आहे ती," कुणीसं म्हणालं.
तशी केरबानं बायकोचं लुगडं आणलं,
हिरवंगार, मोरपिशी काठाचं,
आणि मिशीवरून पदर घेऊन
लाजत लाजत बुडाशी बसला.
मोगरीनं हुंगलं.
थोडा विचार केला.
मग शेपटीचा असा सपकारा,
की पदर उडाला, तो थेट
हिंदुरावाच्या डोक्यावर बसला!

शेवटी बाप पायरीशी आला,
तसाच, निऱ्या सावरत.
"आक्काताई, चल की बाई."
"येतो," ती म्हणाली.
(कोल्हापूरच्या पोरी 'येतो'च म्हणतात.
तेवढी बरोबरी आमच्यात आधीपासूनच होती.)
"पण पयला पेला आईचा,
दुसरा माझा, मागनं रांग.
आणि रांगेत बाई असली
तर कुणी हसायचं नाही, सांग."
"बरं, सांगितलं."
"मला नको. मोगरीला सांग."

केरबानं म्हशीच्या कानात सांगितलं.
मोठ्यानं. दोनदा.

आई आली, हात पदराला पुसत.
वीस वर्षं त्याच गोठ्यात राबली,
पण तो फेस बघितला होता तिनं
फक्त पेले घासताना.
ती प्यायली, डोळे मिटून.
कट्टा गप्प.
रिक्षासुद्धा गप्प.

मग आक्काताईनं एका दमात पेला रिता केला,
आणि आल्या!
मिशा आल्या!
पांढऱ्याफेक, झुबकेदार,
हिंदुरावाच्या मिशांपेक्षा बोटभर जास्त.
तिनं त्यांना पीळ भरला.
"बघा," म्हणाली, "खोटं नव्हता बोलत."

हिंदुरावानं पेला पुढं केला.
मोगरीनं त्याच्याकडं एकदा बघितलं.
तो मुकाट्यानं रांगेच्या शेवटाला गेला,
डोक्यावरचा पदर काढायचा राहिलाच.

हे सगळं मला कसं ठाऊक?
तिसरा पेला माझा होता.
कारकुनाच्या पुढं उभी होतो मी,
परकरावर, अनवाणी, टाचा उंच करून.
आज केस पिकले,
पण गंगावेशीतनं जाताना अजून
वरच्या ओठावर हात जातो:
आहेत का बघायला.